भोपळ्याची बीअर, भोपळ्यावाचून

भोपळा म्हटला की आपल्याला घारगे आठवतात, नाहीतर चिरंजीवांनी गणितात आणलेला भोपळा. अमेरिकन माणसाला मात्र त्यावरून बीअरही आठवते! शरद ऋतू आला की तिकडच्या दुकानांत भोपळ्याचे चित्र मिरवणाऱ्या बाटल्या दिसू लागतात. मौज अशी, की त्यांतल्या काही बाटल्यांत भोपळ्याचा अंशही नसतो.

मुळात हे प्रकरण अडचणीतून निघाले. युरोपातून अमेरिकेत जाऊन वसलेल्यांना बीअर तर हवी. पण तिचे माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, मिळणे कठीण आणि मिळाले तर महाग. भोपळे मात्र शेतात लोळत पडलेले. 1771 सालची एक कृती अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीच्या दप्तरी आहे. भोपळे कुटून सफरचंदासारखे पिळावेत, रस तांब्याच्या हंड्यात बराच वेळ उकळावा, चोथ्याचा धागाही राहू नये अशी मळी काढावी, मग कडवटपणासाठी हॉप्सची फुले घालून, निववून आंबवावा. यात ना दालचिनी, ना जायफळ. भोपळा तिथे चवीसाठी आलाच नव्हता. जवाच्या जागेवर बदली म्हणून आला होता. जव मुबलक झाल्यावर बदलीवाल्याचे जे होते तेच त्याचे झाले.

पुढे 1980 नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या हेवर्ड गावी बिल ओवेन्स या गृहस्थांनी त्याला परत बोलावले. जॉर्ज वॉशिंग्टन भोपळ्याची बीअर करीत, असे त्यांच्या वाचनात आले होते. भोपळा भाजून घातला, बीअर उतरली, पण भोपळ्याची चव काही लागेना! अखेर त्यांनी भोपळ्याच्या ‘पाय’मध्ये पडणारा दालचिनी-जायफळ-लवंगेचा मसाला आणून घातला, आणि लोक म्हणाले, वा, काय भोपळा आहे!

यात लोकांचा दोष नाही. भोपळ्यात बहुतेक पाणीच, आणि त्यातली साखर यीस्ट खाऊन टाकते. घारग्यांतला गूळ आणि वेलची काढून पाहा, म्हणजे आपणही किती भोपळा खातो ते कळेल.

म्हणून तिकडचे जाणते लोक नारिंगी शोभेच्या भोपळ्याच्या नादी लागत नाहीत. ते घट्ट गराचा, गोड असा बटरनट घेतात. आपला लाल भोपळाही बहुतेक त्याच जातकुळीचा. कोणी रताळी घेतात, तर कोणी डबाबंद गर. (डबा मात्र निव्वळ गराचा हवा, ‘पाय’साठी तयार केलेल्यात साखर-मसाला आधीच असतो.) फोडी कडा तांबूस होईतो भाजून, सुमारे 65 अंशांच्या पाण्यात भिजणाऱ्या माल्टमध्ये मिसळतात, माल्ट पिष्टाची साखर करते. गराने गाळणे तुंबते, म्हणून भाताची तुसे घालतात. मसाला अगदी शेवटी, आणि लवंग बेताची. ती जरा जास्त झाली की पेल्याला दंतवैद्याच्या दवाखान्याचा वास येतो. माझ्या मते भोपळा नावापुरता ठेवून मसाला ओतण्यापेक्षा नाव नसलेला बटरनट बरा.

अमेरिकेत घरगुती बीअरला 1978 च्या कायद्याने मोकळीक मिळाली. आपल्याकडे मात्र परवान्यावाचून हा उद्योग केला तर पोलीस दारात उभे राहतील. भाजण्याची युक्ती तेवढी घ्यावी. वाफवलेल्यापेक्षा भाजलेल्या भोपळ्यात पाणी कमी राहते, आणि घारग्यांना पीठही कमी लागते.