पॅकेजिंग म्हणजे हमाली?

"पॅकेजिंग काय रे, नुसतं डब्यात भरायचं काम!" हे वाक्य ऑफिसात इतक्या वेळा ऐकलंय की आज लिहायलाच बसलो.

मंडळी, विमसारखा कमांड लाईन एडिटर घ्या. सोर्स उतरवला, कंपाईल केला, झालं... तुमच्या मशीनवर! तोच डेबियनमध्ये घालायचा तर लायसन्स तपासा, कुठल्या लायब्ररी लागतात ते नोंदवा, छोट्या सर्व्हरसाठी विम-टायनी वेगळा बांधा. वर अपग्रेड करताना कुणाची सेटिंग्ज पुसली जाता कामा नयेत.

आमच्या कुरुंद्याकडे हळद खणली म्हणजे काम संपलं असं कुणी म्हणत नाही. शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची, मग वसमतच्या बाजारात न्यायची. मधल्या कष्टांना तिथे किंमत आहे. आपल्या धंद्यात नाही.

आता खरा मुद्दा. विममध्ये मोडलाईन नावाची सोय आहे: फाईलच्या सुरुवातीच्या किंवा शेवटच्या ओळींत एडिटरची सेटिंग्ज लिहिता येतात. 2019 साली उघड झालं की कुणी खोडसाळ ओळ लिहिली, तर नुसती फाईल उघडल्यावर तुमच्या मशीनवर हवी ती कमांड चालू शकते. 8.1.1365 च्या आधीच्या विमला हा धोका होता. डेबियनमध्ये मात्र मोडलाईन आधीपासूनच बंद! पॅकेज करणाऱ्यांनी मागच्या भानगडी लक्षात ठेवून ती डीफॉल्ट बंद ठेवली होती. ज्यांनी ती हाताने चालू केली नव्हती, ते सगळे वाचले. वाचलो हे त्यांना कळलंही नसेल.

याला डब्यात भरणं म्हणतात?

"पण आता कंटेनर आहेत ना!" आहेत की. आत काय असतं हो? बहुतेक वेळा डेबियन नाहीतर अल्पाईन, आणि त्यांचीच पॅकेजेस. आणि इंटरनेटवरची स्क्रिप्ट ओढून थेट सुडोने चालवणाऱ्यांना एकच प्रश्न: उद्या भोक सापडलं तर अपडेट कोण देणार?

2023 साली डेबकॉन्फ आपल्या कोचीत झाली, म्हणजे हे काम काही परदेशी लोकांचीच मक्तेदारी नाही. मग आपल्या कंपन्या हे सगळं फुकट वापरून महिन्याला चार तासही का देत नाहीत? डेबियनकडे वाली नसलेल्या पॅकेजेसची यादी उघडी पडलीय.

माझं म्हणणं पटत नसेल तर खुशाल भांडा. पण आधी त्यातलं एक पॅकेज सांभाळून दाखवा!