टेबलापलीकडच्यांनाही नियम हवेत

एमबीएचं शेवटचं वर्ष आलं की कॉलेजच्या नोटीस बोर्डावर मुलामुलींसाठी सूचनांची यादी लागते. फॉर्मल कपडे घाला, बायोडेटाच्या प्रती आणा, वेळेआधी हजर राहा, मोबाइल बंद ठेवा. मुलाखत घ्यायला येणाऱ्या कंपन्यांसाठी अशी यादी कुठे लावलेली पाहिलीय तुम्ही? क्वचितच. आणि तिची गरज सगळ्यात जास्त आहे ती मुलींना.

वसई-विरार पट्ट्यातल्या चांदीपसारख्या गावातली एखादी मुलगी डोळ्यांपुढे आणा. सीईटी देऊन ती एमबीएला प्रवेश मिळवते. वर्षाला ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना राज्य सरकारने २०२४ मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. चांगलंच झालं. दोन वर्षं ती गावातून विरार स्टेशन गाठते, लेडीज डब्यात उभ्याउभ्या नोट्स वाचते. आणि प्लेसमेंटच्या दिवशी समोरून प्रश्न येतो, ‘लग्न ठरलंय का? नंतर नोकरी सोडणार नाही ना? एवढ्या लांबून जमेल? घरचे उशिरापर्यंत थांबू देतील?’

यात मार्केटिंग कुठे आहे, फायनान्स कुठे आहे? सरकारने तिला दारापर्यंत आणलं. दाराच्या आत काय होतं, ते बघायला मात्र कुणी नाही.

कंपनीला हे का विचारावंसं वाटतं, तेही समजून घेऊ. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. रजा हवीच होती. पण ज्यांचा पगार ईएसआयच्या मर्यादेपलीकडे आहे, त्यांच्या रजेचा पगार मालकालाच द्यावा लागतो. मग काही जण ‘जोखीम’ आधीच चाचपून बघतात. हिशेब कंपनीचा, भुर्दंड मुलीला!

असे प्रश्न नवे नाहीत. नीरा माथूर यांना एलआयसीत नोकरी लागली तेव्हा त्यांना एक फॉर्म भरावा लागला होता. मासिक पाळी नियमित आहे का, शेवटची कधी आली, किती वेळा दिवस राहिले, असले रकाने त्यात होते. माहिती खोटी दिली म्हणून नंतर त्यांची नोकरी गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९१ मध्ये न्यायालयाने त्यांना परत कामावर घ्यायला लावलं. हे रकाने बाईच्या स्वाभिमानाला धक्का लावणारे आहेत, ते काढून टाका, असंही एलआयसीला बजावलं. भरतीत बाई म्हणून भेदभाव करायचा नाही, हे १९७६ च्या समान वेतन कायद्यात होतंच. आता ते २०१९ च्या वेतन संहितेत आलं आहे.

मग अडतं कुठे? ‘लग्न करणार म्हणून नापास’ असं कुणी लिहून देत नाही. आणि कॉलेजही बोलत नाही, कारण सगळ्यांची ताकद सारखी नसते. २०१६ मध्ये फ्लिपकार्टने निवडलेल्या मुलांची रुजू व्हायची तारीख जूनवरून डिसेंबरवर ढकलली, तेव्हा आयआयएम अहमदाबादने कंपनीला खरमरीत पत्र लिहिलं. त्याच वर्षी आयआयटींच्या संयुक्त प्लेसमेंट समितीने शब्द फिरवणाऱ्या ३१ कंपन्यांना कॅम्पसचे दरवाजे बंद केले. उपनगरातलं छोटं कॉलेज हे करेल? एखादी कंपनी आली तरी तिथे उपकार वाटतात. पुढच्या वर्षीच्या प्रवेशाच्या जाहिरातीत प्लेसमेंटचा आकडा छापायचा असतो ना!

पण आयआयटी एकत्र आल्या म्हणून त्यांचा आवाज चालला, हे विसरू नका. वसई-विरार-पालघरची कॉलेजं एकत्र येऊन कंपन्यांच्या हातात एक कागद देऊ शकतात. त्यात पाच गोष्टी पुरे:

१. प्रश्न कामाचे आणि सगळ्यांना सारखे. ‘महिन्यातले पंधरा दिवस फिरती आहे, जमेल का?’ हे जरूर विचारा, पण मुलालाही विचारा. लग्न, मूल, सासर हे विषय बंद.

२. हातात येणारा पगार किती, कामगिरीवर अवलंबून किती, बॉण्ड आहे का, हे मुलाखतीआधी लेखी द्या.

३. ‘आत्ताच्या आत्ता सही कर’ नको. घरी बोलायला, विचार करायला निदान काही दिवस द्या.

४. मुलाखती कॉलेजात किंवा ऑफिसात घ्या, हॉटेलच्या खोलीत नाही. आणि मुलीला वेळेत घरी पोहोचता येईल इतक्या लवकर संपवा.

५. रुजू व्हायची तारीख पाळा. ती पुढे गेली तर लेखी कळवा आणि भरपाई द्या. शैक्षणिक कर्जाचा हप्ता कंपनीच्या सोयीने थांबत नाही.

मुलाखतीत कुणी वावगं वागलं, तर २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा आहे. तक्रार करणारी बाई त्या कंपनीत नोकरीला असलीच पाहिजे, अशी अट त्यात नाही. त्या कंपनीच्या अंतर्गत समितीकडे तक्रार करता येते. हे किती मुलींना ठाऊक असतं?

मैत्रिणींनो, तुमच्यातल्या कितीतरी जणी आज एचआरमध्ये आहेत, टेबलाच्या त्या बाजूला बसतात. शेजारचा सहकारी ‘लग्नाचं काय?’ म्हणाला, तर ‘हा प्रश्न आपण विचारत नाही’ एवढं एक वाक्य तुम्ही बोलू शकता. समोरच्या मुलीला ते बोलता येत नाही, तिला नोकरी हवी असते.

आणि ज्यांच्या मुली यंदा मुलाखती देणार आहेत, त्यांनी मुलगी घरी आल्यावर पॅकेज किती मिळालं ते विचाराच. पण त्याआधी तिला पाणी द्या आणि विचारा, ‘काय काय विचारलं गं त्यांनी?’