गोळी सोडण्याआधी डॉक्टरांना फोन

दिवस गेल्याचं कळलं की घरातली पहिली सूचना ठरलेली असते: आता औषधं बंद. डोकेदुखीच्या गोळीच्या बाबतीत त्यानं फारसं बिघडत नाही. पण जिच्या हृदयात कृत्रिम धातूची झडप आहे, तिनं रक्त पातळ ठेवणारी गोळी अशी परस्पर सोडली तर झडपेवर गुठळी धरू शकते. मग प्रश्न बाळापुरता राहत नाही, आईच्या जिवावर बेततं.

अशा मुली आपल्याकडे विरळा नाहीत. लहानपणी घसा दुखून ताप येतो, सांधे सुजतात, घरचे ते विसरूनही जातात. पुढे विशीत धाप लागते आणि त्याच तापानं झडप खराब झाल्याचं कळतं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत तयार झालेली देशी झडप १९९० साली पहिल्यांदा माणसाला बसवली गेली आणि हे ऑपरेशन पुष्कळ घरांच्या आवाक्यात आलं. धातूची झडप बसली की रक्त पातळ ठेवणारी ॲसिट्रॉम किंवा वॉरफरिनची गोळी जन्माची सोबतीण होते, आणि रक्त किती पातळ आहे हे पाहणाऱ्या ‘पीटी-आयएनआर’ तपासणीसाठी ठरावीक दिवसांनी रक्त द्यावं लागतं.

गरोदरपणात या गोळ्यांची भीती खोटी नाही. त्या वारेतून बाळापर्यंत पोहोचतात. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात नाकाच्या आणि हाडांच्या वाढीत दोष येऊ शकतो, पुढच्या महिन्यांतही बाळाला रक्तस्रावाचा धोका राहतो. रक्त पातळ ठेवणारं दुसरं औषध, हेपॅरिन, सुईनं देतात आणि ते वार ओलांडत नाही. मग नऊ महिने सुयाच का देत नाहीत? कारण धातूच्या झडपेवर गुठळी होऊ न देण्यात गोळी सुईपेक्षा भरवशाची आहे. बाळाला जे सुरक्षित ते आईला तितकं नाही, आणि यातून पूर्ण बिनधोक वाट कोणत्याही डॉक्टरकडे नाही. म्हणून बऱ्याचदा पहिले तीन महिने सुया, मग छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत गोळी, पुन्हा सुया आणि तारीख ठरवून बाळंतपण, असा क्रम लावतात. वॉरफरिनचा रोजचा डोस ५ मिलिग्रॅमपर्यंत असेल तर दोषाचा धोका कमी असतो, त्यामुळे काहींची गोळी सुरुवातीलाही चालू ठेवतात. सुयांवर असताना मात्र ‘अँटी-टेन-ए’ तपासणी करून डोस बदलत राहावं लागतं, आणि ही तपासणी मोठ्या शहरांबाहेर सहज होत नाही.

आता दिवस मोजा. पाळी चुकली, आठवडाभर वाट पाहिली, घरी चाचणी केली, डॉक्टरांची वेळ घेतली, की सहावा-सातवा आठवडा उजाडलेला असतो. म्हणजे गोळी की सुई, हे दिवस राहण्याआधीच ठरलेलं हवं. ते ठरत नाही, याचं मोठं कारण वैद्यकीय नाहीच. लग्न जमवताना ऑपरेशन लपवलं जातं. छातीवरची खूण नवऱ्याला दिसतेच, पण सासरी गोळी पिठाच्या डब्यामागे ठेवून घेणाऱ्या मुली आहेत. तपासणीला जायचं तर माहेरचं निमित्त काढायचं. या लपवाछपवीचा दोष मी तरी मुलीला देणार नाही, स्थळं शोधणाऱ्या वडीलधाऱ्यांना देईन.

दुसरीकडे, ज्यांना भीतीचं कारण नाही त्या घाबरतात. बीपी वाढण्याचा धोका दिसला की प्रसूतितज्ज्ञ बाराव्या आठवड्यापासून कमी डोसची ॲस्पिरिन देतात. मग ‘ही तर हार्टची गोळी’ असं कोणीतरी सांगतं आणि पाकीट तसंच पडून राहतं. हा डोस वॉरफरिनच्या जातीचा नाही. तो आई आणि बाळ दोघांच्या भल्यासाठीच दिलेला असतो.

आणि एक तक्रार डॉक्टरांकडेही. एकदा गर्भ पडला की पुढच्या खेपेला पोटात रोज हेपॅरिनच्या सुया, हा प्रकार फार बोकाळला आहे. सुरुवातीचे बहुतेक गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषानं होतात. त्यावर सुईचा इलाज नाही. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम या रक्तात गुठळ्या होण्याच्या विकारात सुया आणि ॲस्पिरिन कामाला येतात, पण ते निदान बारा आठवड्यांच्या अंतरानं दोनदा रक्त तपासून करायचं असतं. ज्यांच्या रक्तात गुठळीची आनुवंशिक प्रवृत्ती आहे अशा, वारंवार गर्भपात झालेल्या बायकांवरचा मोठा अभ्यास २०२३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यातही सुयांनी मूल हाती लागण्याचं प्रमाण वाढलं नाही. महागडी सुई लिहून देणाऱ्याला ‘नेमकी कशासाठी?’ असं विचारायला लाजू नका.

बाळंतपणानंतरचे सहा आठवडे गुठळीसाठी सर्वांत धोक्याचे. नेमकं तेव्हाच आपण बाळंतिणीला खाटेवर बसवून ठेवतो, कुठे कुठे तर पाणीही मोजून देतो. तिला भरपूर पाणी द्या, घरातल्या घरात चालू द्या. हेपॅरिन आणि वॉरफरिन घेताना अंगावर पाजायला हरकत नाही.

झडप बदललेली मुलगी घरात असेल तर मूल हवं असं ठरताच, दिवस राहण्याआधी, तिला हृदयाच्या आणि बाळंतपणाच्या अशा दोन्ही डॉक्टरांकडे न्या. आणि पाळी चुकलीच, तर गोळी न सोडता त्याच दिवशी त्यांना फोन करा.