खेळात मुस्तफा चालतो, शेजारी का नको?

नव्वदच्या दशकातल्या बालपणाचे गोडवे गाणाऱ्या पोस्टचा सध्या पूर आला आहे. त्यात मारिओ असतो, कॉन्ट्रा असतो, कॅसेट फुंकून पुन्हा लावणं असतं. आणि हमखास असतो तो ‘मुस्तफा’! गेम पार्लरमध्ये एका नाण्यावर गुंडांच्या घोळक्यात उडी मारून लाथ घालणारा, पिवळ्या टोपीतला मुस्तफा. खाली प्रतिक्रियांचा सूर ठरलेला: ‘काय निरागस दिवस होते! जात-धर्म कुणाला ठाऊक होता?’

माझं भांडण या शेवटच्या वाक्याशी आहे.

या खेळाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला. मूळ कथा मार्क शुल्ट्झ यांच्या अमेरिकन कॉमिक्समधली. खेळायला चार पात्रं, त्यातला मुख्य नायक जॅक. पण आपल्याकडच्या पोरांनी जॅकला बाजूला सारलं आणि अख्ख्या खेळालाच ‘मुस्तफा’ म्हणायला सुरुवात केली. तो चपळ होता, त्याची लाथ जबरदस्त होती आणि नाव आपल्या जिभेवर रुळलेलं होतं. मुस्तफा व्हायला मिळावं म्हणून सगळ्या जातिधर्मांची पोरं भांडत. ही गोष्ट खरी आहे आणि सुंदरही आहे.

पण पोरं निरागस होती म्हणजे काळ निरागस होता, असं होत नाही. खेळ निघाला १९९३ साली. त्याच वर्षाच्या जानेवारीत मुंबई दुसऱ्यांदा पेटली होती. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ या दोन महिन्यांतल्या दंगलींत ९०० माणसं मेल्याची नोंद श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे. त्या दिवसांत लोक दारावरच्या नावाच्या पाट्या उतरवून ठेवत होते. जात-धर्म कुणाला ठाऊक नव्हता म्हणता? पाटी उतरवणाऱ्याला ठाऊक होता, पाटी वाचत फिरणाऱ्यालाही ठाऊक होता.

‘खेळात राजकारण कशाला आणता?’ असं कुणी म्हणेल. ते मी आणलेलं नाही. ही पोरं मोठी झाली, पार्लर गेलं, घरात कॉम्प्युटर आला. २००७ साली ‘कॉल ऑफ ड्यूटी’च्या ‘मॉडर्न वॉरफेअर’मध्ये अमेरिकी सैनिक होऊन मध्यपूर्वेतल्या एका बिननावाच्या देशात गोळ्या झाडायच्या होत्या. २००९ साली पुढच्या भागात कराची शहर आलं, तर तिथल्या पाट्या अरबीत! कराचीत उर्दू चालते, एवढंही तपासावंसं बनवणाऱ्यांना वाटलं नाही. मुस्तफा ते बिननावाचा शत्रू हा प्रवास आपण सर्वांनी जॉयस्टिक आणि माऊस हातात धरून केला. त्याची आठवण मात्र कुणी काढत नाही.

आता थोडं आपल्या घरात डोकावू. आपले भाईजानही या आठवणींत मागे नाहीत. ‘मोहल्ल्यात काय एकोपा होता!’ अरे, त्या एकोप्यात तुमच्या बहिणी कुठे होत्या? खेळात हॅना होती, पार्लरमध्ये मुलगी नव्हती. भावाला नाणं मिळायचं, बहिणीला घरकाम. निम्म्या मोहल्ल्याच्या वाट्याला जे आलंच नाही, त्याला सगळ्यांचं बालपण कसं म्हणायचं?

बालपणाच्या खेळांची ओढ वाटण्यात गैर काहीच नाही. मलाही वाटते. पण आठवणीवर इतिहास झाकण्याचं काम सोपवलं की ती आठवण खोटी होते. मुस्तफाच्या फोटोखाली बदामाचं चिन्ह टाकणाऱ्यांपैकी कितीजण आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये तोंड उघडतात? मुस्तफा नावाचा माणूस भाड्याने फ्लॅट मागायला येतो, कागदपत्रं चोख असतात, आणि नाव ऐकताच ‘जागा गेली’ असं उत्तर मिळतं. तेव्हा हे बालपणाचे सवंगडी कुठे असतात?

जुना खेळ आजही मोबाईलवर चालवता येतो. जरूर खेळा, मुस्तफालाच घ्या. मात्र सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये त्याच्या अर्जाचा विषय निघाला, की हातही वर करा.