विजेच्या बिलात न येणारी किंमत

1971 साली पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांपैकी काहींना रायपूरजवळच्या माना येथील छावण्यांत ठेवण्यात आले होते. त्याच निर्वासितांच्या हालअपेष्टांच्या निमित्ताने पीटर सिंगर या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने 1972मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात असे मांडले की, स्वतःचे तितक्याच मोलाचे काही न गमावता दुसऱ्यावरील संकट टाळता येत असेल, तर ते टाळणे हे कर्तव्यच आहे, आणि संकटात सापडलेला माणूस जवळचा की दूरदेशीचा, याने त्या कर्तव्यात काहीही फरक पडत नाही. पाश्चात्त्य वाचकाची ती ‘दूरची माणसे’ तेव्हा रायपूरच्या वेशीवर राहत होती. आज तोच प्रश्न रायपूरच्या, तसेच मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू ग्राहकाला विचारण्याची वेळ आली आहे.

मात्र सिंगरच्या मांडणीत देणाऱ्याचा घेणाऱ्याच्या दुःखाशी काही संबंध नसतो, तो केवळ मदत करू शकतो एवढेच गृहीत असते. आयरिस मॅरियन यंग या अमेरिकी तत्त्वज्ञ विदुषींनी याच्या पुढे जाऊन सांगितले की, ज्या व्यवस्थेतून अन्याय घडतो तिच्यात रोजच्या व्यवहाराने सहभागी असणारा प्रत्येक जण, तो दोषी नसला तरी, ती बदलण्यास बांधील असतो. छत्तीसगडच्या संदर्भात हीच मांडणी अधिक खरी आहे.

दीड टनी एअर कंडिशनर रात्री आठ तास चालला आणि तासाला सरासरी एक युनिट वीज लागली, असे धरले, तर कोळशावरील केंद्रात त्यापोटी सुमारे सहा किलो कोळसा जळतो. कोरब्याच्या एनटीपीसी केंद्राची वीज छत्तीसगडबरोबर महाराष्ट्र आणि गोव्यालाही जाते. राख, धूळ आणि गेलेली जमीन मात्र कोरब्यातच राहते. हसदेव अरण्यातील परसा पूर्व-केते बासन खाणीचा कोळसा राजस्थानच्या वीजनिर्मितीसाठी नेमून दिलेला आहे. तेथील गोंड आणि इतर आदिवासी कुटुंबे मोहफुले, सालबिया आणि तेंदूपत्ता गोळा करून वर्ष काढतात. पन्नास पानांची एक गड्डी आणि हजार गड्ड्यांचा एक मानक बोरा, असे तेंदूपत्त्याचे सरकारी माप असून, 2024पासूनच्या दराने बोऱ्याला 5500 रुपये, म्हणजे उन्हात पाने तोडून, निवडून बांधलेल्या गड्डीला साडेपाच रुपये मिळतात. झाड गेले की तेही गेले.

ऑक्टोबर 2021मध्ये हसदेवचे ग्रामस्थ सुमारे 300 किलोमीटर चालत रायपूरला आले; परसा कोळसा पट्ट्यासाठी ग्रामसभेची संमती बनावट कागदांवर दाखवली गेली, ही त्यांची मुख्य तक्रार होती. त्याच महिन्यात केंद्राने त्या पट्ट्याला वनविषयक अंतिम मंजुरी दिली.

खाणींवर हजारो मजुरांची चूल पेटते, हे खरे आहे, आणि एका ग्राहकाने दिवा मालवल्याने खाण बंद होत नाही, हेही खरे. म्हणूनच वैयक्तिक काटकसर पुरेशी नाही आणि वर्षाकाठी दिलेली देणगी तर या हिशेबात बसतच नाही. जास्त वीज वापरणाऱ्याने चढा दर तक्रार न करता स्वीकारावा, 2015च्या कायदादुरुस्तीने स्थापन झालेल्या जिल्हा खनिज न्यासाचा पैसा बाधित गावांवरच खर्च होतो का, हे विचारावे, आणि वनाधिकार कायद्याने ग्रामसभेला दिलेला नकाराचा हक्क मान्य व्हावा म्हणून आपापल्या लोकप्रतिनिधीला जाहीरपणे जाब विचारावा. हसदेवचे लोक पुन्हा राजधानीत येतील तेव्हा रायपूरच्या मराठी वाचकांनी त्यांच्या सभेला जाऊन त्यांचे म्हणणे त्यांच्याच तोंडून ऐकावे.