लागोस : जमीन सरकारची झाली, जनतेची झाली काय?

नायजेरियातील लागोस या महानगराच्या राज्यात किती माणसे राहतात, या साध्या प्रश्नाला २००६ साली दोन सरकारी उत्तरे मिळाली. केंद्राच्या जनगणनेने हा आकडा सुमारे ९० लाख सांगितला. राज्य सरकारच्या स्वतःच्या मोजणीत तो सुमारे १ कोटी ७५ लाख भरला. महसुलाची वाटणी लोकसंख्येशी निगडित असल्याने हा वाद निव्वळ गणिताचा नव्हता. परंतु ज्या प्रशासनाला आपली माणसे किती हे निश्चित सांगता येत नाही, त्यालाच कोणाची झोपडी बेकायदेशीर हे मात्र नेमके ठाऊक असते. या विसंगतीचे मूळ शोधायचे, तर त्या शहराच्या जमिनीचा इतिहास पाहावा लागतो.

योरुबा लोक या नगरीला ‘एको’ म्हणतात. ‘लागोस’ हे पोर्तुगीजांनी दिलेले नाव. खाजणातल्या एका बेटावरची ही मासेमारांची व व्यापाऱ्यांची वस्ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गुलामांच्या व्यापाराचे मोठे बंदर बनली. हा व्यापार थांबविण्याचे कारण पुढे करून १८५१ च्या डिसेंबरात ब्रिटिश आरमाराने शहरावर तोफा डागल्या, कोसोको या राजाला हुसकावले आणि अकितोये याला गादीवर बसविले. १८६१ साली अकितोयेचा मुलगा दोसुन्मू याच्याकडून संपूर्ण बेट इंग्लंडच्या राणीला लिहून घेण्यात आले. समोर युद्धनौका उभी असताना झालेला हा ‘करार’ होता. गुलामांचा व्यापार बंद झाला हे खरेच. पण पामतेलाचा व्यापार आणि तो ज्या धक्क्यावरून चालत असे ती भूमी, दोन्ही साम्राज्याच्या हाती गेली.

याच काळात सिएरा लिओनमधून आणि ब्राझीलमधून मुक्त झालेले गुलाम व त्यांचे वंशज लागोसला परतू लागले. पहिल्यांना ‘सारो’ व दुसऱ्यांना ‘आगुदा’ म्हणत. त्यांत गवंडी, सुतार, शिंपी होते, तसेच शिक्षक, वकील व पत्रकारही होते. लागोसचा बोलका, वादप्रिय, कोणाच्याही दरबारी सहजासहजी न झुकणारा स्वभाव घडविण्यात या मंडळींचा वाटा मोठा आहे. त्यांच्यातूनच हर्बर्ट मॅकॉले पुढे आले. व्यवसायाने भूमापक असलेल्या या नेत्याने जमिनीचा प्रश्न साम्राज्याच्या दारात नेला. आपापा येथील जमीन सरकारने संपादन केली, तेव्हा पारंपरिक प्रमुख ओलुवा यांनी दावा लावला आणि मॅकॉले त्यांच्याबरोबर लंडनला गेले. १९२१ साली प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला, की तेथील जमीन समाजाच्या मालकीची आहे आणि १८६१ च्या करारनाम्याने ती मालकी नष्ट झालेली नाही. सबब सरकारने भरपाई दिली पाहिजे. वसाहतीच्या प्रजेने मिळविलेला हा विजय लहान नव्हता.

पण गरिबांच्या घरांवर घाला घालायला राज्यकर्त्यांना दुसरा मार्ग सापडला. १९२४ पासून लागोसमध्ये प्लेगच्या साथी आल्या आणि १९२८ साली नगरसुधारणेसाठी एक कार्यकारी मंडळ नेमले गेले. मराठी वाचकांना ही कथा परिचयाची वाटेल. मुंबईत १८९६ साली प्लेग आला व १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दोन्हीकडे रोगाच्या नावाने दाट वस्त्या पाडण्यात आल्या. लागोसच्या मंडळाने तर १९५५ पासून बेटाच्या मध्यभागातील जुनी वस्ती हलवून लोकांना मुख्य भूमीवर सुरुलेरे येथे धाडले. पीटर मॅरिस या समाजशास्त्रज्ञाने १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले, की नवी घरे जुन्यांपेक्षा चांगली असूनही ही कुटुंबे अधिक दरिद्री झाली. कारण धंदा व गिऱ्हाईक मागे राहिले, भाडे व प्रवासखर्च वाढला आणि अडीअडचणीला धावून येणारे नातलग पांगले.

या शहरातील श्रमिक मुकाट्याने सोसत राहिले असे कोणी समजू नये. १८९७ सालीच सार्वजनिक बांधकाम खात्यातील कामगारांनी गव्हर्नरच्या हुकमाविरुद्ध संप केला होता. १९४५ च्या जून महिन्यात महागाई भत्त्यासाठी सुरू झालेला सार्वत्रिक संप महिन्याहून अधिक काळ टिकला. रेल्वे कामगारांचे पुढारी मायकेल इमुदू त्याच्या अग्रभागी होते. बाजारातील विक्रेत्या स्त्रियांची संघटना आलिमोतु पेलेवुरा या मासळी विकणाऱ्या, निरक्षर बाईने बांधली होती. स्त्रियांवरील प्राप्तिकराविरुद्ध १९४० साली तिने बाजार बंद पाडले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील भावनियंत्रणालाही टक्कर दिली. स्वातंत्र्याची चळवळ वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत जेवढी वाढली, तेवढीच ती यार्डात आणि मासळीबाजारातही वाढली.

१९६० साली स्वातंत्र्य आले; पुढील दशकात तेलाचा पैसा आला. या पैशाने काय केले याचे एक उदाहरण पुरेसे आहे. १९७५ साली लष्करी सरकारने बंदराच्या कुवतीच्या कित्येक पट, सुमारे २ कोटी टन, सिमेंट परदेशांतून मागविले आणि शेकडो जहाजे लागोसच्या बंदराबाहेर महिनोन् महिने नुसती उभी राहिली. जहाजमालकांना खोळंब्याचा दंड मिळत राहिला. कामासाठी खेड्यांतून येणारी माणसे मात्र पत्र्याच्या व फळ्यांच्या आडोशात राहत होती.

याच पार्श्वभूमीवर १९७८ साली जमीन-वापराचा वटहुकूम निघाला. राज्यातील जमीन गव्हर्नरच्या स्वाधीन करण्यात आली. ती त्याने सर्व नायजेरियनांच्या हितासाठी विश्वस्त या नात्याने सांभाळावी, असे त्यात म्हटले होते. सट्टेबाजीला आळा बसेल आणि सामान्य माणसाला जागा मिळेल, असा हेतू सांगितला गेला. समाजवादी माणसाला हे शब्द गोड वाटावेत असेच आहेत. प्रत्यक्षात, ज्या राज्यसंस्थेवर जनतेचा अंकुश नव्हता, तिच्या हाती सार्वजनिक कारण सांगून कोणाचाही ताबा रद्द करण्याचे हत्यार आले.

१९९० च्या जुलैत लष्करी गव्हर्नरने मारोको ही वसाहत पाडली. सुमारे ३ लाख माणसे होती आणि मुदत होती सात दिवसांची. शेजारी व्हिक्टोरिया आयलंड व इकोयी हे श्रीमंतांचे भाग. मोकळ्या झालेल्या भूमीवर पुढे श्रीमंतांचेच बंगले उठले. २०१२ साली माकोको या पाण्यावरच्या कोळीवस्तीतील घरे पाडताना नोटीस ७२ तासांची होती. २०१६-१७ मध्ये ओतोदो ग्बामे येथील सुमारे ३० हजार लोक हुसकावले गेले. त्याच काळात किनाऱ्यालगत समुद्रात भराव घालून ‘एको अटलांटिक’ ही धनिकांची नगरी उभी राहत होती. २०१७ च्या जूनमध्ये लागोसच्या उच्च न्यायालयाने पुनर्वसनाविना घरे पाडणे हा मानवी प्रतिष्ठेचा भंग आहे, असे स्पष्ट सांगितले. पण तोवर ओतोदो ग्बामे उरलेच नव्हते. मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात १९८५ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, आणि पदपथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकारही कायम ठेवला. निकालपत्रातील तत्त्व आणि बुलडोझर यांच्यामध्ये संघटित माणसे उभी नसली, तर तत्त्व हरते.

यावर कोणी म्हणेल, की मग जमीन पुन्हा जुन्या घराण्यांकडे सोपवावी. हा उपाय नव्हे. १९२१ च्या निकालाचा लाभ मुख्यतः प्रमुखांना झाला, कुळांना व भाडेकरूंना नाही. आजही ‘ओमो-ओनिले’, म्हणजे भूमिपुत्र, म्हणविणाऱ्या टोळ्या घर बांधणाऱ्या गरिबाकडून पायापासून छपरापर्यंत प्रत्येक टप्प्यावर खंडणी उकळतात. खाजगी मालक, कुलप्रमुख व लष्करी गव्हर्नर या तिघांच्याही खात्यावर राहणाऱ्याची नोंद नाही, हे खरे दुखणे आहे.

उलट अनुभवही लागोसनेच दिला आहे. १९७९ ते १९८३ या निवडून आलेल्या राजवटीत लतीफ जकांडे यांनी अल्प खर्चाची घरे मोठ्या प्रमाणावर बांधली आणि शहरी रेल्वेची योजना आखली. लष्कर पुन्हा सत्तेवर आले आणि १९८५ साली ती योजना रद्द झाली. शहरातील पहिली मेट्रो प्रवाशांसाठी धावली ती २०२३ साली. पिवळ्या ‘डान्फो’ गाड्यांत रोज तासन्‌तास कोंबून बसणाऱ्या कष्टकऱ्यांनी या विलंबाची किंमत मोजली.

राष्ट्रीयीकरण म्हणजे समाजीकरण, असे समीकरण आपल्या चळवळीत अनेकदा गृहीत धरले जाते. लागोसच्या गरिबांनी त्याची परीक्षा स्वतःच्या छपरावर घेतली आहे. जो राहतो त्याची नोंद, पर्यायी घर मिळेपर्यंत ताब्याचे संरक्षण आणि आराखड्यावर वस्तीच्या सभेची संमती, एवढ्या तीन गोष्टी कायद्यात नसतील, तर सातबारावर सरकारचे नाव चढल्याचा आनंद कार्यकर्त्यांनी मानू नये.