काडतुसांचा हिशेब

शिरपूर जैन हे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे तीर्थक्षेत्र. अशा गावात पिस्तुलाचा विषय काढणे काहींना औचित्याला सोडून वाटेल. परंतु नेमबाजीच्या खेळात गोळी लागते ती कागदी लक्ष्याला, आणि कस लागतो तो नेमबाजाच्या संयमाचा. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. आशियाई सुवर्ण मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला नेमबाज ठरल्या. वाशीम जिल्ह्यातील एखाद्या मुलीने हीच वाट धरली, तर तिला काडतुसे कोठून मिळणार?

अमेरिकेत अनेक नेमबाज काडतुसे घरीच भरतात. उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी जपायची, तिच्या बुडाची टोपी बदलायची, मोजून बारूद घालायची आणि वर नवी गोळी बसवायची. पॉइंट ३२ चे जुने रिव्हॉल्व्हर असो वा स्पर्धेचे आधुनिक पिस्तूल, दोहोंना ही रीत चालते. महिलांच्या २५ मीटर स्पर्धेतील पॉइंट २२ काडतुसाला मात्र ती सहसा लागू पडत नाही. त्याचा पेट घेणारा मसाला पुंगळीच्या काठातच असतो व आघाताने तो काठ चेपला जातो. आपल्याकडे तर १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याविना काडतूस बनविणे हा गुन्हाच आहे. काडतुसाचे भाग आणि ते बनविण्याची यंत्रेही या कायद्याने दारूगोळ्यातच मोजली आहेत.

हा निर्बंध योग्यच आहे. बारूद चुकून दुप्पट पडली तर शस्त्र हातातच फुटू शकते. शिवाय घरोघरी भरलेल्या काडतुसांचा हिशेब कोणते पोलीस ठाणे ठेवणार? मात्र घराचे दार बंद करणाऱ्या शासनावर मैदानाचे दार उघडण्याची जबाबदारी येते. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. काडतुसे बनविण्याची विद्या या राज्याला परकी नाही.

प्रारंभी तर काडतूसही लागत नाही. १० मीटरच्या एअर पिस्तुलातून ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा दाबलेल्या हवेवर सुटतो. बंदिस्त सभागृह, छर्रे अडविणारी भक्कम व्यवस्था आणि जाणता प्रशिक्षक एवढे प्रत्येक जिल्हा क्रीडा संकुलात असावयास हवे. त्यातून पुढे येणाऱ्या मुलांना परवानाधारक संस्थेमार्फत रास्त दरात काडतुसे मिळावीत. ती मोजून द्यावीत आणि रिकाम्या पुंगळ्या मोजूनच परत घ्याव्यात. असा चोख हिशेब राहिला, तर सुरक्षिततेलाही बाध येणार नाही आणि लहान गावातील गुणी मुलांची संधीही हुकणार नाही.